हातभर दोरा

मित्सुला तिसरं लागलं, तसं तोसेनं तिच्या नव्या किमोनोच्या पाठीवर लाल रेशमाचे बारा टाके घातले. लहान मुलांच्या कपड्याला पाठीवर शिवण नसते. अशा उघड्या पाठीतून नको ते आत शिरतं, म्हणून हे टाके. शेवटी बोटभर दोरा लोंबता सोडायचा. मूल पाण्यात पडलंच तर देव तो दोरा धरून त्याला वर ओढतो. तोसेची आधीची दोन्ही पोरं तिसरं लागल्यावरच गेली होती. या खेपेला तिनं दोरा चांगला हातभर ठेवला.

"अगं, देवासाठी ठेवलायस की गाय बांधायला?" तिची सासू काने म्हणाली.

"असू दे, सासूबाई. लांबून दिसेल तरी."

चौथ्या दिवशी सासू-सुना अंगणात वाळवणासाठी तेंदूफळं सोलत बसल्या होत्या. मित्सु पलीकडे खडे मांडत होती. वारा अजिबात नव्हता, तरी तिच्या पाठीवरचा दोरा मागे सरळ ताणलेला होता. काट्यात अडकला असेल म्हणून तोसे उठली. जवळ जाताच तो खाली पडला. टोक ओलं होतं. तिनं जिभेला लावून पाहिलं, तर खारट. समुद्र तर टेकडीच्या पार पलीकडे!

दुसऱ्या दिवशी मित्सु खिदळत उलट्या पावलांनी टेकडीकडच्या फाटकाकडे चालली होती.

"मागे मागे काय चालतेस गं?"

"ओढतात ना!"

तोसेनं पोरीला उचलून घरात आणलं.

"देवच असेल," काने पुटपुटली.

"देव पाण्यातून बाहेर ओढतो, सासूबाई. हे समुद्राकडे ओढतंय."

कानेचं तोंड उतरलं. "कापू नकोस बाई. पाठ उघडी पडेल."

"मग काय करू? तुम्हीच सांगा!"

काने उठून देवापुढे जाऊन बसली.

भर दुपारी तोसेनं दोरा कापला, टाके उसवले आणि सगळं चुलीत टाकलं. ते जळेना, नुसतं चरचरत राहिलं. मित्सुला मांडीवर घेऊन, तिची पाठ आपल्या छातीशी गच्च दाबून ती भिंतीला टेकून बसली. मागून यायला आता जागाच नव्हती.

"आई, दोरा गेला?"

"गेला गं राणी. संपलं सगळं."

"मग हात देऊ?"

मित्सुनं हात वर करून आईच्या खांद्यावरून मागे नेला.

तोसेनं तो झटकन पुढे ओढला.

हात आला नाही.