हात वर होईपर्यंत

महिना उलटून वर तीन दिवस झाले, तेव्हा फटाक्या पट्टी खांद्यावर टाकून पुन्हा तो डोंगर चढायला लागला. काम तसं साधंच होतं. अकराव्या दगडावर पट्टी उभी धरायची, पलीकडच्या उतारावरून मोजणीदार दुर्बिणीतून आकडा वाचणार, दोन्ही हात वर करणार, झालं. अर्ध्या तासाचं काम. पण ते महिनाभर अडून राहिलं होतं, कारण त्या दगडापाशी त्याचा दादा गेला होता.

फटाक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. राग कायम नाकावर, म्हणून दादानेच ते पाडलं होतं. "याची वात शोधायला जाऊ नका," तो सगळ्यांना सांगायचा, "हा वातीआधीच वाजतो." शाळाही अशीच वाजून सुटली. चौथीत मास्तरांशी भांडून घरी आला तो परत गेलाच नाही. मग दादानेच मोजणीच्या कामावर आणला. जंगलातून एक रस्ता जाणार होता आणि तो कुठे चढतो, कुठे उतरतो हे आधी मोजायचं होतं. दादा पट्टी धरायचा. फटाक्या खुंट्या ठोकायचा आणि निरोप पोचवायचा.

ही पट्टी धरणं म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पट्टी दोन माणसांच्या उंचीची, एकात एक सरकणारी, तिच्यावर काळे-लाल आकडे. पट्टीवाला एक पक्का दगड निवडतो, त्यावर लाल खडूने फुली मारतो आणि तिथे पट्टी उभी करतो. मोजणीदार एकदा आकडा घेतो. मग तो यंत्र उचलून पुढे जातो आणि पुढून वळून पुन्हा तीच पट्टी बघतो. तोवर पट्टीवाल्याने जागा सोडायची नाही. ऊन असो, गांधीलमाश्या उठोत. त्याने दगड सोडला आणि दगड जरा हलला, तर आदल्या दिवसांची सगळी मेहनत पाण्यात. पुढून आकडा मिळाला की मोजणीदार दोन्ही हात वर करतो. मग पट्टीवाला सुटला. सुटला म्हणजे काय, तर यंत्राच्या पुढे जाऊन पुढचा दगड निवडायला मोकळा झाला.

दादासारखा पट्टीवाला मोजणीदाराने वीस वर्षांत पाहिला नव्हता. पट्टी धरून तो ती अगदी सावकाश पुढे-मागे झुलवायचा. झुलताना पट्टी जेव्हा नेमकी सरळ होते तेव्हा आकडा सगळ्यात लहान दिसतो, आणि मोजणीदाराला तोच हवा असतो. फटाक्याला हे झुलवणं कधी जमलं नाही. दादा हसायचा. म्हणायचा, अरे, बाळाला थोपटतात तसं, कुऱ्हाड चालवतात तसं नव्हे. आणि फुली मारली की तिच्याभोवती तो एक गोल काढायचा. कशाला, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "रानात राहायचंय तिला. एकटं वाटू नये."

जनावरांशीही त्याचं असंच होतं. खुंट्यांना हाताचा घाम लागतो, त्या खारटपणासाठी साळिंदरं रातोरात खुंट्या कुरतडून ठेवत. फटाक्या शिव्या द्यायचा, दादा नव्या खुंट्या तासायचा आणि जुन्या तिथेच टाकायचा, "खाऊ देत, त्यांचं तेवढंच लोणचं" म्हणून. एकदा ताणलेल्या फितीवर बिबट्या येऊन बसला. तो उठेपर्यंत दादाने सगळ्यांना गप्प बसवून ठेवलं, आणि तो गेल्यावर मोजणीदाराला वहीत लिहायला सांगितलं की साहेब, फीत मध्ये वाकली असेल, वजनदार पाहुणा होता. जनावर समोर आलं तर त्याचा नियम एकच. पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, पट्टी उभी धरायची. "ते तुला बघत नाही, पट्टीला बघतं. एवढ्या उंच माणसाच्या वाटेला कोण जाईल?"

आणि त्या दिवशी सकाळी फटाक्याने अस्वलाला दगड मारला.

मादी होती. वारूळ उकरत बसली होती, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फटाक्याने गंमत म्हणून मारला आणि नेमका तिच्या कानावर बसला. दादाने चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. जन्मात पहिल्यांदा. दादाच्या अंगात कणकण होती, हात तापलेला होता, ते फटाक्याला गालावर कळलं. पण त्या वेळी त्याला फक्त राग आला.

दुपारी दादा अकराव्या दगडावर उभा राहिला. मोजणीदार यंत्र घेऊन ओढ्यापलीकडे गेला. ओढ्याच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून फटाक्याला मध्ये, काठावर उभं केलेलं. तेवढ्यात धुकं उतरलं. असं की स्वतःचा हात दिसेना. तासभर वाट पाहून मोजणीदार पलीकडून ओरडला, "काम बंद. दादाला सांग, खाली या."

फटाक्याने ते ऐकलं. साफ ऐकलं. तोंडाशी हात धरून वर एक हाक मारायची, एवढंच होतं. पण गाल अजून चुरचुरत होता. 'येईल त्याचा तो,' म्हणत तो तसाच खाली तळावर गेला आणि पांघरूण घेऊन झोपला.

धुकं उठलं तेव्हा दादा दगडाला टेकून बसलेला सापडला. पट्टी दोन्ही हातांत, दगडावर, सरळ. अंगावर एक ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, ताप होता, त्यात गारठा, काळीज थांबलं. दगडाभोवती अस्वलाची पावलं होती, एकावर एक, गोल गोल. लाल खडू त्याच्या सदऱ्याच्या खिशातच होता. तो त्याच्याबरोबरच गेला.

आईने फटाक्याला एकच विचारलं. "त्याला कुणी सांगितलं होतं ना रे, काम बंद झालं म्हणून?"

"हो," तो म्हणाला. "सांगितलं होतं."

त्यानंतर महिनाभर तो आईसमोर जेवायला बसला नाही.

मोजणीदाराचा बेत होता, महिनाभरात अकरावा हलला असेल म्हणून मागच्या पक्क्या खुणेपासून, आठव्या दगडापासून, सगळं नव्याने मोजायचं. फटाक्या हटून बसला. अकरावा हलला नसेल, म्हणाला, दादाने निवडलेला आहे, तो हलणार नाही. राहिलेला आकडा तेवढा घ्या. पट्टी मी धरतो. मोजणीदार म्हणाला, बरं. तो खालच्या वाटेने ओढ्यापलीकडे गेला, फटाक्या वरच्या वाटेने एकटा निघाला. पट्टीवर हात धरायच्या जागी दादाने जुन्या सदऱ्याची चिंधी गुंडाळलेली होती. ती मळून काळी झाली होती. फटाक्याने ती सोडली नव्हती.

सकाळचे दहा वाजले असतील. वर जाईपर्यंत ऊन होतं. मग झाडांच्या शेंड्यांवरून धुक्याचे पुंजके घरंगळत खाली यायला लागले. ओढ्याचा आवाज जवळ आला, मग लांब गेला, मग कुणीतरी दार लोटावं तसा बंदच झाला. पाखरू ओरडेना. ओल्या पानांच्या वासात दुसरा एक वास मिसळला, उग्र, ओल्या घोंगडीसारखा. फटाक्याला तो वास ठाऊक होता. तो जागीच थांबला.

दहा पावलांवर अकरावा दगड होता, आणि दगडाशेजारी अस्वल बसलेलं होतं.

पट्टी अजून मिटलेलीच होती. ती उघडायची, उभी धरायची, हे सगळं त्याला आठवत होतं, पण बोटं ऐकेनात. पाचावर धारण बसली म्हणतात ती ही. अस्वलाने मात्र त्याच्याकडे मानही वळवली नाही. राखणीचं कुत्रं धन्याच्या पायाशी बसावं तसं ते मागच्या पायांवर बसलं होतं. एक कान फाटका होता. ते वर बघत होतं, दगडाच्या वर, माणसाचा चेहरा असतो तेवढ्या उंचीवर. तिथे धुक्याशिवाय काही नव्हतं.

मग फटाक्याच्या ध्यानात आलं की अस्वलाचं नाक हलतंय. सावकाश पुढे. सावकाश मागे. पुन्हा पुढे. कसल्यातरी उंच, झुलणाऱ्या वस्तूवर नजर लावून बसल्यासारखं. न चुकता, एका लयीत. बाळाला थोपटतात तसं.

त्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि त्याच क्षणी, भीती तशीच असताना, त्याला भरून आलं. महिनाभर… उन्हात, गारठ्यात… कुणी सांगायला आलं नाही म्हणून.

"दादा," तो म्हणाला. "दादा… काम बंद. साहेबांनी तेव्हाच सांगितलं होतं… मी नाही सांगितलं. माझं चुकलं रे." त्याने दोन्ही डोळे बाहीने पुसले. "सोड ती जागा. आई वाट बघतेय. घरी चल."

अस्वलाचं नाक थांबलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग धुक्यातून, दगडावरून काहीतरी उचलावं तसा लाकडाचा हलका ठक आवाज आला. अस्वल उठलं. फटाक्याच्या अंगावरून, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळून, ते ओढ्याच्या बाजूला उतरायला लागलं. मध्येमध्ये मान वर करून शेजारी बघत होतं. वाट अरुंद होती, तरी ते एका कडेने चालत होतं, बाजूला कुणाला जागा ठेवावी तसं. त्याचा फाटका कान फटाक्याला अगदी नीट दिसला. त्याने खाली बघून, ज्या हाताने दगड मारला होता तो हात पाठीमागे लपवला.

तो वास विरला. ओढा पुन्हा वाजायला लागला. धुकं फाटलं आणि पलीकडे मोजणीदार दिसला, यंत्राशी वाकलेला. फटाक्याने पट्टी उघडली आणि दगडावर उभी धरली. दगड तसूभर हलला नव्हता. पलीकडे दोन्ही हात वर झाले. त्याने चिंधीवर कपाळ टेकलं आणि पोटभर रडला. आता आईला खोटं सांगितलं असं राहिलं नाही, सांगितलं होतं, उशिरा का होईना… सांगितलं.

ओढा ओलांडून तो मोजणीदारापाशी पोचला, तेव्हा तो वही बघत डोकं खाजवत होता.

"दोनदा कशाला धरलीस?"

फटाक्याने खांद्यावरची पट्टी सावरली.

"पहिल्यांदा धरलीस तेव्हाच मी आकडा घेतला होता. हात वर केले की तुला. पुंजक्यांमधून तू काही नीट दिसत नव्हतास, पट्टी दिसत होती. छान झुलवत होतास आज, भावासारखी." मोजणीदाराने वहीवर बोट ठेवलं. "मग बघतो तर तू पुन्हा उभा, खांब पुरल्यासारखा. तोही घेतला. दोन्ही आकडे एकच आलेत. एका केसाचाही फरक नाही. असं होत नसतं रे."

"तुम्ही हात वर केले?" फटाक्याने हळूच विचारलं. "कधी?"

"सांगतोय ना. पहिल्यांदा. तू लगेच पट्टी उचललीस."

हात वर झाले की पट्टीवाला पुढच्या दगडाकडे जातो, घरी नव्हे. फटाक्याने वळून ओढ्याकडे पाहिलं, मग वर, रस्ता पुढे जाणार होता त्या बाजूला. तिकडे दाट झाडी होती, आणि अजून कुणीही तिथे पाऊल टाकलेलं नव्हतं. मोजणीदार म्हणाला, जा, बारावा दगड निवड, खडू घेऊन जा. तळावरून आणलेला नवाकोरा खडू त्याने फटाक्याच्या हातात दिला.

साठ पावलं चढून तो थांबला. जागा शोधावीच लागली नाही. झाडांमध्ये एक चांगला, पक्का, बसका दगड होता. दादाने निवडला असता तसा. शेजारचं गवत कुणीतरी जड बसून दाबलं होतं आणि ते अजून सावकाश वर उठत होतं. दगड धुक्याने ओला होता. त्यावर लाल फुली होती, आणि फुलीभोवती गोल.

त्याने बोट लावलं. रंग बोटाला आला.

नवा खडू त्याच्या मुठीत तसाच होता, कोरा. त्याने तो हळूच खिशात टाकला. मग खाली मोजणीदाराला दिसेल असा तो झाडाच्या कडेला येऊन उभा राहिला. ओढ्याच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून तिथे कुणीतरी उभं राहायला हवं होतं. काही निरोप आला तर वर सांगायला.

त्याच्या पाठीमागे दगडावर लाकूड टेकल्याचा हलका ठक आवाज झाला. त्याने वळून पाहिलं नाही.

रस्त्याचे अजून एकशे चाळीस दगड बाकी होते.