चेसीवरचा डावा हात

भेगेच्या कडेला काळा रंग होता आणि तो अकरा मिलिमीटर आत शिरला होता.

दिपमालाबाईंनी मोजपट्टी पुन्हा लावून पाहिली. अकराच. त्याच्यापुढे तपकिरी गंज, बोटाच्या पेराएवढा. आणि त्याच्यापुढे करडं, ताजं लोखंड.

"काय वाचताय ताई त्याच्यात?" जीवरामने विचारलं.

"कोणता भाग आधी तुटला आणि कोणता नंतर, ते."

दिपमाला वाणी धुळ्याच्या एका कॉलेजात धातुशास्त्र शिकवत. सहा वर्षांपूर्वी ते सोडून त्यांनी जळगावात खाजगी तपासाचं काम सुरू केलं होतं. जीवराम हा निवृत्त हवालदार त्यांची गाडी चालवायचा आणि न विचारता मतं द्यायचा. निवृत्तीनंतर त्याने मिशी इतकी वाढवली होती की वरचा ओठ दिसत नसे.

समोर नशिराबादच्या पोलीस आवारात एक जुनी पिकअप उभी होती. उभी म्हणजे केबिनच्या मागे मोडून व्ही आकारात बसलेली. तीन आठवड्यांपूर्वी केळी घेऊन जाताना हायवेवर तिची चेसी, खालचा लोखंडी सांगाडा, तुटली. शेजारी बसलेला हमाल रुपचंद जागीच गेला. चालक-मालक शाहबाज दवाखान्यात होता, आणि जास्त माल भरून माणूस मारल्याचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला होता.

शाहबाजची बायको अलफिया जरा अंतरावर उभी होती. तिने पर्समधून एक पावती काढली.

"वजनकाट्याची आहे. केळी तेराशे किलो. गाडीला दीड टन चालतं."

"पोलिसांनी पाहिली?"

"पाहिली. म्हणाले, पुढे आणखी माल भरला असेल. चांगली गाडी अशी मोडत नाही."

"ही चांगली नव्हती. इथे लोखंडी पट्टी वेल्डिंगने जोडलेली आहे. पट्टीच्या टोकाला चीर पडली, त्या चिरेत रंग उतरला, मग गंज चढला. शेवटचं करडं लोखंड तेवढं त्या दिवशी तुटलंय."

"ती जोड मीही पोलिसांना दाखवली. ते म्हणतात, ही जोड गाडी घेतल्यावर शाहबाजनेच करून घेतली असणार. कारण घेताना चेसी अखंड होती असं बयान आहे."

"कोणाचं?"

अलफियाने मान खाली घातली. "माझ्या अब्बांचं. हनीफ मिस्तरींचं."

जीवरामने शीळ घातली. धुळ्याचा हनीफ मिस्तरी त्यालाही ठाऊक होता. जुनी गाडी घ्यायची तर हनीफला न्यायचं, असा आसपास रिवाजच होता. तो छोट्या हातोडीने चेसी ठोकायचा आणि नुसत्या आवाजावरून कुठे जोड आहे ते सांगायचा.

"सासरचे म्हणतात, अब्बा विकणाऱ्याला सामील झाले," अलफिया म्हणाली. "अपघातानंतर ते गाडी बघायलाही आले नाहीत. मला खरं काय ते कळू द्या ताई. काहीही निघालं तरी चालेल."

गाडी विकणारा प्रेमराज शिरपूरला राहायचा. कापसाचा व्यापार, अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली. त्याने खुर्च्या मांडल्या, पण स्वतः उभाच राहिला.

"चेसीला काळा रंग कधी दिला, नाना?"

"विकायच्या आधी. बठ्ठाच देतस, ताई, कोण नाही देत?"

"आणि पट्टी?"

त्याने ट्रॉलीचा दांडा चाचपला. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी चीर गेली होती. वेल्डिंग करून घेतलं."

"शाहबाजला सांगितलं होतं?"

"सांगणार होतो. तेवढ्यात त्याचा सासरा खाली शिरला. हनीफ मिस्तरी! म्हटलं, आता संपलं. बारा ठिकाणी ठोकलं त्याने, पट्टीवरही. बाहेर आला अन् म्हणाला, खणखणीत शे, काही दोष नाही. मग मी कशाला बोलू? त्याला माझ्याहून जास्त समजतं."

"हे ठाण्यात सांगाल?"

"नाही. तुमच्याच माणसाने पास केली गाडी."

"त्यांनी कसं ठोकलं, ते करून दाखवाल?"

प्रेमराजने एक दगड उचलला. डावा पंजा ट्रॉलीच्या दांड्यावर सपाट टेकवला आणि शेजारी दगड मारला. ठप्प.

"असाच हात टेकवून?"

"दर वेळी. डॉक्टर नाडी बघतो तसा."

व्यवहार जमवणारा दलाल हितेंद्र शिरपूरच्या स्टँडजवळ भेटला. त्याने तेच सांगितलं, आणि वर एक गोष्ट.

"मिस्तरी त्या दिवशी फार बदललेला वाटला. पूर्वी ठोकताना कोणी खोकलं तरी शिव्या घालायचा. मोबाइल बंद करायला लावायचा. त्या दिवशी भिंतीपलीकडे कापसाच्या जिनिंगचं मशीन धडधडत होतं, पण हा गडी चकार शब्द बोलला नाही. दहा मिनिटांत मोकळा."

गाडीत बसताच जीवराम म्हणाला, "सरळ शे ताई. ऐकायचंच नव्हतं त्याला. आधी ठरेल होतं."

"ठरलेलं असतं तर त्याने नाटक नीट केलं असतं. मशीन बंद करायला लावलं असतं."

जीवरामला हे पटलं नाही.

धुळ्यात हनीफचं घर आणि दुकान एकाच पत्र्याखाली होतं. त्याची बायको मदिना त्यांना आत घेऊन आली आणि तिने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. कानस चालवणारा हनीफ वळला.

"इकडे बसा. दाराकडे तोंड करून. उजेड आहे," तो म्हणाला.

जीवरामने बसल्या बसल्या जुन्या सवयीने विचारलं, "जावयाची गाडी मोडली, बघायला का नाही गेले?"

"चहा नसेल चालत तर पाणी घ्या," हनीफ म्हणाला.

जीवरामचा चेहरा लाल झाला. दिपमालाबाईंनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"काय बघू?" हनीफ म्हणाला. "चेसी अखंड होती. माझा हात मला खोटं सांगत नाही."

त्याच्या गुडघ्याजवळचा फोन वाजू लागला. तो वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला. हनीफने तिकडे पाहिलंही नाही. स्वयंपाकघरातून मदिना धावत आली आणि फोन घेऊन गेली.

बाहेर पडल्यावर जीवराम भडकला. "प्रश्न टाळस, फोन टाळस! एवढा मगरूर माणूस तीस वर्षांच्या नोकरीत नाही पाहिला."

"माझा प्रश्न नाही टाळला."

"तुम्ही बाईमाणूस म्हणून."

"नाही जीवरामभाऊ. तुमच्या मिशीमुळे."

त्याने गाडीच्या आरशात मिशीकडे पाहिलं.

दोन दिवसांनी दुपारी ते पुन्हा हनीफकडे गेले. अलफिया आधीच आली होती. दिपमालाबाईंनी मोडलेल्या चेसीचे मोठे फोटो हनीफसमोर मांडले. तो वाकून एकेक फोटो बघू लागला. मग दिपमालाबाई उठल्या, त्याच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि नेहमीच्या आवाजात बोलू लागल्या.

"अलफिया, तुझे अब्बा कोणाला सामील नव्हते."

हनीफ फोटो बघत होता.

"लोखंडाचा आवाज ऐकायचा असेल तर त्याला हात लावत नाहीत. हात लावला की नाद मरतो. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी त्यांनी बाराही ठिकाणी डावा पंजा टेकवला. कारण ते ऐकत नव्हते, थरथर मोजत होते. जोडलेली पट्टी जाड असते, हाताला भक्कम लागते. तिचा बसका, बोदा आवाज फक्त कानाला कळतो."

अलफिया बापाकडे बघत होती. त्याने दुसरा फोटो उचलला.

"भिंतीपलीकडचं मशीन त्यांना बोचलं नाही. गुडघ्याजवळचा फोन कळला नाही. आम्हाला त्यांनी उजेडात बसवलं, ओठ दिसावेत म्हणून. जीवरामभाऊंचे ओठ दिसत नाहीत, म्हणून त्यांच्या प्रश्नाला चहाचं उत्तर मिळालं. आणि ते म्हणाले, माझा हात खोटं सांगत नाही. कान म्हणाले नाहीत."

"अब्बा," अलफियाने हळूच हाक मारली.

तो वळला नाही.

"अब्बा!"

दारात उभ्या मदिनाने पदर तोंडाला लावला. "चार वर्षं झाली गं, कान गेले त्यांचे. वेल्डिंग, ग्राइंडर, तीच पत्र्याची खोली. कितीदा म्हटलं, लोकांना सांगून टाका, गाड्या बघणं थांबवा. म्हणायचे, या ईदनंतर. ती गेली की पुढच्या ईदनंतर. तूही सासरी गेलेली. तुझ्यासमोर मीच सगळ्याला उत्तरं द्यायचे."

जीवराम खाली मान घालून बसला होता.

दिपमालाबाई पुढे आल्या आणि हनीफसमोर उजेडात बसल्या. "हनीफभाई, तुमच्या पाठीमागे बोलले. मला ते आवडलं नाही, पण तुमच्या मुलीला पुरावा हवा होता. आता तेच तुमच्या तोंडावर सांगते."

आणि त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता, सावकाश.

हनीफ त्यांच्या ओठांवरून नजर न हलवता ऐकत राहिला. मग त्याने भेगेच्या फोटोवर बोट ठेवलं. काळा रंग, गंज, करडं लोखंड. ते वाचायला त्याला कोणाची गरज नव्हती.

"या पट्टीवर माझा हात होता," तो म्हणाला. "इथेच होता."

"हो."

"मला वाटलं, जावयाने नंतर काहीतरी केलं असेल. बघायला गेलो असतो तर कळलं असतं. म्हणून गेलो नाही."

"प्रेमराज ठाण्यात बोलणार नाही," दिपमालाबाई म्हणाल्या. "आणि तुमचं बयान आहे तोवर ही पट्टी शाहबाजचीच ठरते."

अलफिया येऊन बापाच्या समोर बसली, त्याला आपला चेहरा दिसेल अशी.

"चार वर्षांत वीस गाड्या पास केल्या मी," हनीफ म्हणाला. "वीस घरांना खणखणीत म्हणून सांगितलं."

मग तो जीवरामकडे वळला, आणि गरजेपेक्षा पुष्कळ मोठ्या आवाजात बोलला. बाहेर रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली.

"हवालदारसाहेब, मला नशिराबादला घेऊन चला. बयान बदलायचंय. हनीफ मिस्तरीला ऐकू येत नाही, असं मी लिहून देतो. त्या दिवशीही येत नव्हतं. आणि त्या वीसही जणांना मी स्वतः जाऊन सांगणार आहे, तुमची गाडी दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या."