शेजारचं टेबल

त्याला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सर्व्हर रूमच्या फरशीवर पालथा पडून टेबलाखाली टॉर्च मारत होता, आणि त्याच्या पांढऱ्या शर्टाला पाठभर सुताचे तंतू चिकटले होते.

वापीजवळच्या सायलीतल्या आमच्या यार्न कंपनीचं नेटवर्क सकाळपासून बंद होतं. गेटवर ट्रक अडकलेले, मॅनेजर फोनवर गुजरातीत ओरडत होते, आणि बाहेरून बोलावलेला हा इंजिनिअर अर्धा तास धूळ खात होता. मी कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचे; दारात उभी राहून हळूच म्हटलं, "पॅकिंगमध्ये बघा ना... एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच नेटवर्क-स्विचमध्ये गेलीत."

"काय म्हणालात?"

मी पुन्हा सांगितलं. तो उठून बसला. कपाळावर धुळीचा आडवा पट्टा.

"हे कधी कळलं तुम्हाला?"

"दहा मिनिटं झाली."

"आणि सांगताय आत्ता?"

"तुम्ही इतकं मन लावून शोधत होतात..."

तो एवढ्या मोठ्याने हसला की मॅनेजर फोन धरूनच बघायला आले. पॅकिंगमध्ये झाडलोट करणारी गुड्डी तोंडाला पदर लावून उभी होती. "ताई, ती वायर लोंबत व्हती, म्हनून मी खोसली त्या भोकात. बरी दिसंना का!" वायर उपसली आणि दोन मिनिटांत सगळी कंपनी चालू झाली.

जाताना त्याने नाव सांगितलं – ओंकार. आणि म्हणाला, "नेटवर्किंगची वरची परीक्षा देतोय मी. सगळ्यात वरची. एकट्याने बसलं की झोप येते हो... तुम्ही याल?"

परीक्षा मला ठाऊक होती. आधी लेखी, मग बेंगळुरूला आठ तासांची लॅब – समोर मोडकं नेटवर्क देतात आणि म्हणतात, उभं करून दाखव. आमच्या चाळीत कुणाला त्याचं नावही उच्चारता आलं नसतं. मी पप्पांना विचारलं. पप्पा धुळ्याहून येऊन वीस वर्षं खडोलीच्या कारखान्यात फिटर आहेत. मशीन उघडून बसवणाऱ्या माणसाला शिकण्याची भूक समजते. फक्त एवढंच म्हणाले, "शिरपूरवाले दिवाळीला येणार, बेटा. त्यांच्या नीलेशसाठी तुला मागायला. तोपर्यंत काय शिकायचं ते शिकून घे."

दर रविवारी सकाळी मी आमलीत ओंकारच्या घरी जाऊ लागले. त्याची आई, सुनंदाकाकू, सरकारी शाळेत शिक्षिका. कोकणातून नोकरीसाठी आलेल्या आणि इथेच रुळलेल्या. बाहेरच्या खोलीत वह्या तपासायच्या आणि दर अर्ध्या तासाने हाक – "दार उघडं आहे ना रे?"

"उघडंच आहे, आई! वाराही येतोय, तूही ये!"

आत तीन जुने राउटर, एक पंखा, आणि आम्ही. तो मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवायचा, मी शोधायचे. मग मी बिघडवायचे. मी जिंकले की तो राउटरलाच दटावायचा, "तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?" बोलता बोलता त्याची नजर स्क्रीनवरून माझ्या बोटांवर यायची आणि मला टाइप करणंच सुचायचं नाही.

मी रोज पहाटे दिवा लावते. लहानपणापासून एकच नेम – हात जोडायचे आणि म्हणायचं, आज माझ्या तोंडून खोटं जाऊ देऊ नकोस. शिवाय सोमवारचा उपास. ओंकारला याची फार गंमत वाटायची.

"खोटं कधीच नाही? बरं, मी दिसायला कसा आहे?"

"...अभ्यास कर."

"हे उत्तर नाही."

"खोटंही नाही."

कान लाल झाले होते त्याचे. माझे मला दिसत नव्हते, पण गरम लागत होते.

एका रविवारी त्याने पंखा बंद केला, म्हणजे बाहेर ऐकू जाणार नाही असं त्याला वाटलं असावं – उलटंच झालं – आणि म्हणाला, "पुण्याच्या एका कंपनीला ही परीक्षा झालेली दोन माणसं हवीत. दोन, जया. आपण पास झालो की मी तुझ्या पप्पांकडे येतो. हातात नोकरी असल्याशिवाय कोणत्या तोंडाने येऊ? येऊ ना?"

मी मान हलवली. बाहेर काकूंच्या लाल पेनाचा आवाज थांबला होता.

लेखी दोघांची झाली. लॅबच्या पहिल्या खेपेला दोघंही नापास. मी थोडक्यात; तो बराच. दुसरी तारीख आषाढात मिळाली. आठवडाभराने तो आमच्या कंपनीच्या गेटवर आला. सोमवार होता. हातात चिकूंची पिशवी.

"उपास ना तुझा? म्हणून आणले. आणि... हे."

पेनड्राइव्ह. त्यात लॅबचे फोडलेले प्रश्न होते, उत्तरांसकट. आमच्या धंद्यात त्याला डम्प म्हणतात.

"पाठ करायचं फक्त," तो म्हणाला. "सगळे करतात."

"मला नको. तूही नको करू ना, ओंकार... थोडंच राहिलंय आपलं."

"तुझं थोडं राहिलंय. माझं नाही. दिवाळी थांबेल का माझ्यासाठी? तो नीलेश थांबेल?" त्याचे डोळे भरून आले होते. "तुझ्यासाठीच करतोय ना मी हे."

मी चिकू घेतले. पेनड्राइव्ह त्याच्या मुठीत राहिला. त्यानंतर रविवारी तो पाठ करायचा आणि मी राउटर उघडून बसायचे. खोली तीच होती. तो आता मला हरवायला काही बिघडवून ठेवत नव्हता.

आषाढात दोघंही पास झालो. काकूंनी नारळाच्या वड्या केल्या. मी एक खाल्ली, गोड होती... दुसरी घेतली नाही.

पुण्याच्या कंपनीचे अरविंद सर श्रावणात वापीला आले. एका हॉटेलच्या मीटिंग रूममध्ये मुलाखती. तोही सोमवारच. माझी तासभर चालली आणि त्यांनी तिथल्या तिथे हात पुढे केला. मग ओंकार आत गेला. वीस मिनिटांनी बाहेर आला तेव्हा चेहरा पांढरा. त्याने काही सांगायच्या आत सरांनी मला परत बोलावलं.

"बसा जया. ओंकारला मी बोर्डवर एक नेटवर्क दिलं. भराभर सोडवलं त्याने. मग मी एक वायर पुसली, म्हटलं, आता डेटा कुठल्या वाटेने जाईल? गप्पच झाला तो. घाबरला असेल, होतं असं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही वर्षभर बरोबर अभ्यास केलाय. त्याला हे स्वतःला येतं ना? तुमच्या शब्दावर घेतो मी."

काचेच्या दारापलीकडे ओंकार उभा होता. दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून.

"हो सर," मी म्हटलं. "येतं त्याला."

आयुष्यात मी इतक्या स्पष्ट आवाजात कधी बोलले नव्हते.

सरांनी त्यालाही घेतलं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि पावसाचे थेंब हातावर घेत लहान मुलासारखा हसत राहिला. मीही हसले. खरंच हसले – त्याचा आनंद बघून माझं मन भरून येत होतं, आणि त्याच वेळी आत काहीतरी फाटत होतं. बस सुटायच्या आधी त्याने दाबेल्या बांधून घेतल्या होत्या. एक पुडा माझ्यापुढे धरला.

"खा. गरम आहे."

"सोमवार आहे, ओंकार."

"अगं आता कसला सोमवार!" तो हसतच होता. "मोडलंस की आज एक व्रत. दुसरं कशाला जपून ठेवतेस? खा!"

मी त्याच्याकडे बघितलं. दारापलीकडून त्याने ऐकलं होतं तर. मी काय दिलं ते पुरतं ठाऊक होतं, आणि तो दाबेली खात होता.

"रुजू व्हायला महिना आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून बसू या? सगळं नीट करू. मी शिकवते."

"आता? पास झाल्यावर?" त्याने माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. "वेडी. अडलं तर तू आहेसच ना शेजारच्या टेबलावर. कुणी विचारलं तर सांगशील – येतं त्याला."

दादरा गाव मागे गेलं. रस्त्याच्या कडेने कंपन्यांची शिफ्ट सुटली होती, छत्र्याच छत्र्या. मला पुण्याचं ते टेबल दिसलं. मग घर दिसलं, सासूबाई झालेल्या काकू, कुणीतरी काही विचारतंय, आणि मी स्पष्ट आवाजात उत्तर देतेय. रोज.

मी हात सोडवून घेतला.

"मी पुण्याला येत नाही."

"काय?"

"आणि तू पप्पांकडे येऊ नकोस."

त्याने माझा पुडा सीटवर ठेवला. "एका दाबेलीवरून?... जया, प्रेम नाहीये का तुझं माझ्यावर?"

"आहे. म्हणून तर खोटं बोलले आज," मी म्हटलं. "पण रोज नाही बोलता येणार."

"मी सगळं तुझ्यासाठी केलं."

"माहितीये."

मला वाटलं तो म्हणेल, बसू या, शिकव. एवढंच म्हणाला असता तरी चाललं असतं... आमलीचा स्टॉप येईपर्यंत मी वाट पाहिली. बस थांबली. तो उठला, शर्ट नीट खोचला, आणि मागे न बघता उतरला.

सीटवर माझ्या वाटणीचा पुडा राहिला होता. टाकवेना. सायलीच्या रिक्षात तो मी मांडीवर धरून बसले. कागदातून ऊब लागत होती, मग ती ऊबही गेली.

पप्पा ओट्यावर बसले होते. शिफ्टवरून आल्यावर हात धुतले होते तरी नखांत ग्रीस होतं. मला बघून उभे राहिले.

"व्हयनं का काम, बेटा?"

"त्याचं झालं," मी म्हटलं, आणि पुडा त्यांच्या हातात दिला.