नवं इंजिन आणि शैलजाचं वजन

"व्हॉट इज युवर वेट, मॅडम?"

आवाज विमानाच्या पोटाखालून आला होता. शैलजानं वाकून पाहिलं, तर ग्रीसनं माखलेले दोन बूट तेवढे दिसले.

"वेडा आहे की काय हा!" ती स्वतःशीच पुटपुटली.

"वेडा न्हाई. कोल्हापूरचा आहे," बुटांनी उत्तर दिलं.

बुटांमागून पाय आले, पायांमागून खाकी डगला आला आणि शेवटी, कपाळावर तेलाचा ओघळ घेऊन, एक सावळा हसरा चेहरा बाहेर आला. शैलजाच्या हातातली फाइल खाली पडली. तिनं ती उचलली... आणि फाइल पुन्हा पडली.

साल एकोणऐंशी. दोह्याच्या विमानतळाच्या कडेला एका लहानशा सर्व्हे कंपनीचा पत्र्याचा हँगर होता. शैलजा त्याच कंपनीत टायपिस्ट. नाशिकहून आली तेव्हापासून अल मन्सूरा वस्तीत दादा-वहिनींकडे राहत होती. हँगरमध्ये ती आज पहिल्यांदाच आली होती, तीही बार्लोसाहेबांची सही घ्यायला. कंपनीचे मॅनेजर तेच आणि पायलटही तेच.

आणि हा कोण, तर शहाजी घोरपडे. विमानाचं इंजिन बदलण्यापुरता कंपनीनं बोलावून घेतलेला इंजिनिअर. विमान तसं चिमुकलं, शेपटीखाली चाक असलेलं, वाळवंटात कुठंही उतरणारं. पण मे महिना लागला की गरम हवेत त्याचं दीडशे घोड्यांचं इंजिन धापा टाकायचं. दूरच्या कॅम्पवर चार माणसं आणि भाजीच्या पेट्या न्यायच्या म्हणजे बार्लोसाहेब देवाचं नाव घेऊन उडायचे. म्हणून आता एकशेऐंशी घोड्यांचं नवं इंजिन बसवलं होतं.

"नवं इंजिन जड आहे," शहाजी हात पुसत सांगू लागला. "त्यामुळं नाक खाली जातं. म्हणून बॅटरी काढून शेपटीकडं नेली. कागदावर हिशोब जमलाय. पण मागच्या सीटवर कुणी बसल्यावर काट्यावर काय दिसतं, ते साहेबांना स्वतः बघायचंय. रहमानमामा बसले तर सीटच बसेल. साहेबांचं तर... जाऊ दे."

ड्रायव्हर रहमान मूळचे मिरजेचे. दारात चहा पीत बसले होते. ते खो खो हसले.

"इथं इतकी वाळू आहे," शैलजा म्हणाली. "एखादी गोणी भरून ठेवा की!"

"ठेवली असती." त्यानं कपाळावरचा तेलाचा ओघळ पुसला. "पण वाळू बोलत न्हाई."

शैलजाचे कान तापले. उन्हानंच असणार!

"शेहेचाळीस किलो," ती तोऱ्यात म्हणाली.

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. नाशिकरोड स्टेशनवरच्या मशिनमध्ये नाणं टाकल्यावर शेहेचाळीसचंच तिकीट आलं होतं. फक्त त्याला दोन वर्षं झाली होती, आणि मधल्या काळात वहिनीच्या हातचं तूप, इराणी दुकानातली गरम खुबूस रोटी आणि ओला खजूर, असं बरंच काही घडलं होतं.

ती साडी सावरत मागच्या सीटवर चढली. तीन चाकांखाली तीन काटे. विमानापलीकडून वही घेऊन आलेल्या बार्लोसाहेबांनी आकडे मोठ्यानं वाचले आणि त्यातून रिकाम्या विमानाचं वजन वजा केलं.

"चोपन्न!" साहेब म्हणाले. "ही म्हणते शेहेचाळीस. खोटं कोण बोलतंय, ही की काटा?"

शैलजाला वाटलं, हे एकशेऐंशी घोडे आत्ताच सुटावेत आणि आपल्याला थेट नाशिकला नेऊन टाकावं.

शहाजीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग काट्याकडं.

"काटा, सर," तो शांतपणे म्हणाला. "काटाच खराब आहे."

झालं! काटा खराब म्हणजे आजवरची सगळी वजनं रद्द. बहारीनहून नवे काटे येईपर्यंत विमान जमिनीवर.

शैलजाला खरं तर वाईट वाटायला हवं होतं. पण दुसऱ्याच दिवशी बार्लोसाहेबांची कुठलीशी सही राहिली होती. तिसऱ्या दिवशी दुसरी. चौथ्या दिवशी तर सही नव्हतीच, नुसता वहिनीनं केलेल्या चकल्यांचा डबा होता.

"इंजिनाला चालतील का?" तिनं विचारलं.

"इंजिनिअरला चालतील," तो म्हणाला.

समुद्रावरून खारा वारा यायचा, पत्रे कुरकुरायचे, आणि तो पाना चालवत तिला रंकाळ्याच्या गोष्टी सांगायचा. मध्येच हात थांबायचा, डोळे वर व्हायचे... आणि ती घाईघाईनं चकली मोडायची. हे काम संपलं की शारजाची दुसरी नोकरी तयार आहे, हेही त्यानं सांगून टाकलं होतं. त्या दिवसापासून बहारीनहून येणाऱ्या प्रत्येक पार्सलला शैलजा मनातल्या मनात म्हणायची, आज नको रे बाबा, इन्शाल्ला उद्या!

पण एके सकाळी बार्लोसाहेबांना टेलिफोनवर गरजताना तिनं ऐकलं. कॅम्पवरची माणसं आठवडाभर डब्यातले वाटाणे खाताहेत. ज्या इंजिनिअरला स्वतःचे काटे सांभाळता येत नाहीत, तो काय इंजिन सांभाळणार? त्याला परत पाठवतो, आणि असा शेरा लिहितो की कुठलीच कंपनी त्याला दारात उभं करणार नाही!

एका मुलीची लाज राखायला तो आपली रोजीरोटी पणाला लावून बसला होता, आणि ती चकल्या नेत होती!

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये शिरली.

"सर, काटा बरोबर आहे. खोटं मी बोलले होते."

साहेबांनी चष्मा काढला. "सिद्ध कर."

मग काय, वरात हँगरमध्ये! साऱ्यांसमोर शैलजा चप्पल काढून एका काट्यावर उभी राहिली. चोपन्न. थोडं वरच. तिनं मान खाली घातली नाही. मग साहेब स्वतः चढले. काटा गर्रकन फिरून एकशे नऊवर थांबला.

साहेबांनी बराच वेळ आकड्याकडं पाहिलं.

"मला वाटतं, घोरपडे म्हणतो तेच खरं," ते म्हणाले. "काटा खराब आहे."

शेवटी रहमानमामांनी मन्सूरातल्या वाण्याकडून बासमतीच्या चार सीलबंद गोण्या आणल्या. गोण्यांवर छापलेल्या वजनापासून काटा ग्रॅमभरही ढळला नाही.

"शेरा राहू दे, उद्या उडवून बघतो," असं म्हणत साहेब पाय आपटत गेल्यावर शैलजानं शहाजीला गाठलं. "इतकं सोपं होतं! तुम्हीच का नाही गोणी ठेवून पाहिली?"

"पाहिली होती की. त्याच संध्याकाळी."

"मग गप्प का बसलात?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खोट्या ठरला असता." तो पान्याशी चाळा करत राहिला. "आणि दुसरं... काम संपलं असतं."

शैलजा चपला पायांत सरकवू लागली. बोलायला गेली असती तर रडली असती, नाहीतर हसली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचणी. तांदळाच्या गोण्या मागच्या सीटवर बांधून बार्लोसाहेब हँगरसमोरच्या आखूड कच्च्या धावपट्टीवर गेले. जुन्या इंजिनाला पट्टी अपुरी पडायची. नव्यानं डरकाळी फोडली आणि धुळीचा लोट मागं फेकत विमान सुटलं. शहाजीनं डोळे गच्च मिटून घेतले होते.

"उचललं का?" त्यानं विचारलं.

"अर्ध्या पट्टीतच उचललं! डोळे उघडा ना!"

त्यानं डोळे उघडले, पण आकाशाकडं पाहिलंच नाही. तिच्याकडं पाहत काहीतरी बोलला. नेमकं तेव्हाच विमान डोक्यावरून गेलं.

"काय?" ती ओरडली.

तो पुन्हा बोलला. विमान वळून पुन्हा आलं. साहेब भलतेच खूश झाले होते!

"ऐकू येत नाही!"

तोवर विमान उतरून हँगरसमोर येऊन घरघरत उभं राहिलं. शहाजीनं छातीत श्वास भरला आणि सगळा जीव एकवटून ओरडला. त्याच क्षणी साहेबांनी इंजिन बंद केलं.

"...तुम्ही हो म्हणालात तर शारजाला जात न्हाई! माझ्याशी लग्न कराल का?"

हँगरच्या पत्र्यावरचं कबूतर तेवढं उडालं.

"काय म्हणाला तो?" साहेबांनी खिडकीतून डोकं काढून विचारलं.

रहमानमामांनी मनापासून भाषांतर करून सांगितलं.

शहाजी कानापर्यंत लाल झाला. शैलजानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

"मी पहिल्याच वेळी ऐकलं होतं," ती हळूच म्हणाली.

"मग... तीनदा का ओरडायला लावलंत?"

"पुन्हा ऐकावंसं वाटलं."

"म्हणजे... हो?"

"शुक्रवारी घरी या. दादा असतो." ती निघाली, दोन पावलं जाऊन वळली. डोळ्यांत पाणी होतं आणि ओठांवर हसू. "फक्त त्याच्यासमोर जरा हळू बोला हं!"