मोटारीचा पाळणा

ओसरीत एक परका माणूस आमचा रिकामा पाळणा हलवत उभा होता. हलवायचा, थांबायचा, मनाशी काही मोजायचा, पुन्हा हलवायचा. मी सहा महिन्यांच्या भाच्याला कडेवर घेऊन दारातून आत आले, ते पाहिलं आणि माझं डोकंच फिरलं.

"ओ, कोन तुम्ही? रिकामा पाळना हालाडतस का कोनी? पोऱ्यानं पोट दुखस त्यानी."

दचकेल तर शपथ. उलट हसला. गालावर ग्रीसचा ओरखडा, आणि डोळे इतके हसरे की मला आणखीच राग आला.

"मंग मझार काय ठेवू?"

मी तरातरा आत गेले, वरवंटा आणला, धडप्यात गुंडाळला नि पाळण्यात निजवला. बारशाला आधी निजवतात ना, तस्सा. "ल्या. आते हालाडा."

"नाव काय ठेवं यानं?"

"दगडू," मी म्हटलं, आणि मलाच हसू फुटलं.

हा चुडामण. नंदुरबारला त्याचं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचं, दुकान होतं. त्रेसष्ट साल ते. आमच्या कोरीटला वीज नुकतीच आली होती, आणि आबांनी, माझ्या वडिलांनी, त्याला विहिरीवर मोटार बसवायला बोलावलं होतं. घरातलं बटण बिघडलं होतं, ते बघायला म्हणून ओसरीत आला, आणि हलणारं काही दिसलं की याचा हात गप्प बसत नसे.

बाळ निजवायला मी पाळण्याशी बसले. एका हातात दोरी, एका हातात पेन्सिल, मांडीवर बीजगणित.

"इतलं काय लिखतस?"

"मॅट्रिक. मांगला साल गणितमा गयी मी."

आबांनी बजावलं होतं, आणखी एकदाच बसू देईन. मार्चमध्ये परीक्षा, नंदुरबारला आत्याकडे राहायचं. पण वहिनी दिवसभर कापूस वेचायला, आई गडीमाणसांच्या भाकरीला, आणि आमचं हे रत्न पाळणा थांबला की टाहो फोडणार. "तू गयी तं दोरी कोन धरी?" आई विचारायची. तिचंही खोटं नव्हतं. मला मात्र मास्तरीण व्हायचं होतं, आणि ते स्वप्न त्या दोरीला बांधलं गेलं होतं.

"पाळनाले मोटार लाई देऊ," चुडामण म्हणाला.

"मंग पोऱ्याले मायबी मोटारनीच आना."

पण गडी खरंच आला. आठ दिवसांनी, सायकलवर एक जुना टेबलफॅन बांधून. पाती काढून टाकलेली. "पंखा मान फिरावस ना, आपले तितलंच पाहिजे," म्हणाला. मानेच्या चाकाला लोखंडी दांडा जोडला, दांड्याला दोरी, दोरीला पाळणा. दगडूला चांगला तासभर झुलवलं. मग आईनं त्याला उचलून नेऊन मिरच्या वाटल्या.

बाळाला मात्र पटेना. डोळे टक्क उघडे ठेवून ते एकसारखा झोका बघत राहिलं, आणि मग जे भोकाड पसरलं... चुडामणनं दांडा लांब केला. पुढच्या खेपेला आखूड केला. छे. आणि मी दोरी धरली की पाच मिनिटांत गाढ.

चौथ्या खेपेला तो समोरच मांडी घालून बसला. "तुम्ही हालाडा. मी देखस."

देखस म्हणजे किती... माझे कान तापले. "पाळना देखा. माले काय देखतस?"

"हात देखी ऱ्हायनू—" तो हळूच म्हणाला. "तीन झोका देतस, मंग पेन्सिल उचलाले दोरी सोडतस. तितलामा पाळना मंदावस. पोऱ्याले तीच सवय शे. तुम्हनं गणितच त्याले झोपाडस."

माझा हात इतक्या नीट कुणी पाहिला नव्हता. मी पदर सारखा केला, उगाचच.

त्यानं कानशीनं चाकाचे काही दात घासून टाकले. आता चाक तीन झोके ओढायचं आणि मोकळं फिरायचं. तेवढ्यात पाळणा आपसूक मंदावायचा. बटण दाबलं. बाळानं जांभई दिली, मूठ तोंडात घातली आणि झोपलं. आईनं त्याच्यावरून कडाकडा बोटं मोडली, मग चुडामणवरूनही मोडली.

मला आनंद झाला... आणि लगेच माझं लक्ष दाराशी टेकलेल्या त्याच्या सायकलकडे गेलं. तो हत्यारं आवरत होता, एकेक पाना दोनदा पुसत.

"आते कसाले येशात तुम्ही?" मी विचारलं.

"तोच इचार करी ऱ्हायनू. महिनाभर डोकं चालाडं, अन् मन्हा येवाना रस्ता मीच बंद करी टाका."

"तेल देवाले लागी ना...?"

"तुम्हनी वैनीले शिकाडी दिनं."

अरे कर्मा. इतका शहाणा माणूस, आणि इतका वेडा.

मार्चमध्ये आबांनी स्वतः मला बैलगाडीतून आत्याकडे पोचवलं. शाळेची वाट त्याच्या दुकानावरून होती. मी नाकासमोर चालायची. तो दारात मोटार घेऊन बसलेला — रोज तीच मोटार. बोलायची सोय नव्हती, दिवसच तसे होते. पण त्या पाच पावलांसाठी मी सकाळी दोनदा वेणी घालत असे, खरं सांगते.

शेवटचा पेपर गणिताचा. बाहेर आले तर तो फाटकासमोर रसाच्या गाडीपाशी उभा. धुतलेला सदरा. मी मुद्दाम हळू चालले.

"कसा गया पेपर?"

"बठ्ठा पेपर लिखा. एकच प्रश्न ऱ्हायना."

त्याचा चेहरा उतरला. "कोनता?"

"तो तुम्ही आजून इचाराच नही."

रसवाला उगाच घुंगरू वाजवत राहिला.

"सुगंधा," तो म्हणाला, पहिल्यांदाच नावानं, "मन्हा घर येशी?"

"पास व्हयनी तं मी मास्तरीन व्हसू. घर बसाव नही."

"व्हय ना."

"अन् नापास व्हयनी तं?"

"मंग आखो परीक्षा दे. आखो बी दे." मग म्हणाला, "दोरी मी धरसू."

मोटार बसवीन, असं म्हणाला नाही. मी धरीन म्हणाला. भर रस्त्यात माझे डोळे भरून आले, आणि मी ते पुसलेही नाहीत.

"येसू," मी म्हटलं. "आबाले इचाराले सकायच या."