तिसरी ओळ

दीक्षाला खेडजवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, ते साल २००८. कॉलेज सुरू व्हायला दोन आठवडे होते आणि त्याआधी लॅपटॉप घ्यायचा होता. संगमेश्वरात तसं दुकान नव्हतं, म्हणून वडिलांनी तिला रत्नागिरीला आपल्या बहिणीकडे, प्रेमलाआत्याकडे धाडलं. आत्या शाळेतून निवृत्त झालेली. तिचा मुलगा सम्यक कॉम्प्युटरचीच कामं करायचा, त्यामुळे निवड त्याच्यावर सोपवलेली.

मिळाला तो जुना, मुंबईतल्या कुठल्याशा ऑफिसातून आलेला. काळा, जाडजूड, कोपऱ्यांवर घासलेला. बॅटरी मेलेली, वायर लावूनच चालायचा. पण पडदा स्वच्छ होता. खरा वाद सुरू झाला तो त्यात कुठली ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची यावरून. नवीन व्हिस्टा एवढ्याशा मेमरीत रांगेल, यावर दोघांचं एकमत होतं. सम्यक म्हणत होता लिनक्स टाकू. व्हायरसची कटकट नाही आणि चार वर्षांत मशीन आतून कळेल. दीक्षाला एक्सपी हवं होतं, कारण कॉलेजातलं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर त्यावरच चालायचं. आत्या भाजी चिरता चिरता म्हणाली, मग दोन्ही ठेवा की.

सम्यकने तसंच केलं. डिस्कचे दोन सारखे भाग पाडले. मशीन सुरू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या, वर लिनक्स, खाली एक्सपी. दहा सेकंदांत निवडायचं. नाही निवडलं तर वरचं आपोआप सुरू.

चौथ्या दिवशी सकाळी तिसरी ओळ आली.

तिच्यात नाव नव्हतं. बाण खाली नेला की नुसती पांढरी पट्टी उजळायची. सम्यकने आत शिरून यादी उघडली, तर तिथे दोनच ओळी. डिस्क तपासली, तर दोन भागांपलीकडे तसूभर जागा रिकामी नव्हती. जुन्या मशीनची खोड असेल, म्हणून त्याने विषय सोडून दिला. दीक्षानेही मनाला लावून घेतलं नाही. एवढंच तिच्या ध्यानात आलं, की आता मशीन सुरू केलं की ती पट्टी आधीच खालच्या रिकाम्या ओळीवर जाऊन थांबलेली असायची आणि आकडे दहापासून उतरू लागायचे. ती घाईघाईने बाण वर न्यायची. त्या ओळीत काय आहे ते बघावं, असं तिला एकदाही वाटलं नाही. त्याचं नवल तिला पुढे वाटलं.

शनिवारी दुपारी चारच्या सुमारास तिने बटण दाबलं आणि तेवढ्यात बाहेर सर आली. मागच्या अंगणात दोरीवर कपडे होते. ती धावली. ढीग छातीशी धरून परत दारात आली आणि तिथेच थबकली.

टेबलापाशी आत्या बसली होती. एरवी ती त्या यंत्राला हातसुद्धा लावायची नाही. आता मात्र पडद्याकडे बघत मान डोलवत होती, जुन्या ओळखीच्या माणसाचं ऐकावं तशी.

पडद्यावर हीच खोली होती. समोरून दिसणारा आत्याचा चेहरा, तिच्यामागे भिंतीवरचं कॅलेंडर, त्याच्या बाजूला दार. दारात, दीक्षा उभी होती नेमकं तिथेच, एक बाई उभी होती. तिच्याही हातात कपड्यांचा ढीग. वय उतरलेलं, केस ओले, मोकळे. ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.

त्या लॅपटॉपला कॅमेरा नव्हता.

दीक्षाला कुबट वास आला, पिळून चार-चार दिवस तसेच ठेवलेल्या कपड्यांना येतो तसा. तो तिच्या हातातल्या ढिगातून येत होता.

"आत्या..." ती हळूच म्हणाली.

आत्याने मागे वळून पाहिलं नाही. "ऐकतेय गो... सांग ना पुढे..."

दीक्षाने हातातलं सगळं खाली टाकलं आणि भिंतीतली पिन ओढून काढली. पडदा विझला. आत्याने डोळे चोळले आणि चहा ठेवायला सांगितलं. कुणाशी बोलत होतीस असं विचारल्यावर म्हणाली, तुझ्याशीच की.

संध्याकाळी घडलेलं ऐकून सम्यकने सगळी डिस्क पुसली आणि एकटं एक्सपी टाकलं. एकच असलं की मशीन काही विचारत नाही, सरळ सुरू होतं. तसंच झालं. दीक्षाचा जीव भांड्यात पडला.

कपड्यांच्या घड्या करताना मात्र एक साडी जास्त निघाली. विटकी हिरवी, जाडीभरडी, पाण्याने जड झालेली. शेजारी दोन्हीकडे विचारून झालं, कुणाचीच नव्हती. दीक्षा म्हणाली, टाकून देऊ या. आत्याने ती वाळवली, नीट घडी घातली आणि कपाटावर ठेवली. जिची आहे ती येईल न्यायला, एवढंच म्हणाली.

कॉलेज सुरू झालं. हॉस्टेलात लॅपटॉप शहाण्यासारखा चालला. ड्रॉइंगच्या शीट्स वेळेवर झाल्या, पहिल्या चाचणीत दीक्षाला चांगले गुण पडले. त्या दुपारची आठवण यायची, पण कमी कमी होत गेली.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जाण्याआधी ती दोन दिवस रत्नागिरीला उतरली. सहज नजर गेली, तर कपाटावर साडी नव्हती. तिने विचारलं.

"नेलीन ना," आत्या म्हणाली. "गेल्या आठवड्यात आली होती. आत ये म्हटलं, तर दारातच उभी राहिली. पाणीसुद्धा नको म्हणाली."

"कोण होती?"

"नाव नाही सांगितलंन. तुझी चौकशी करत होती... हॉस्टेलात कुठल्या खोलीत असतेस म्हणून."

आत्या गॅसवरचं दूध उतरवत होती.

"मी सांगितलं," ती म्हणाली.