पुढचं डावं चाक

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. चौथी शिकलेली बाई, हाताला ग्रीस, तोंड फाटकं, तिचं कोण ऐकतो. आता रात्री चहाला थांबणारी ड्रायव्हर पोरं विचारतात, "मालनआत्या, संदेशचं नक्की काय झालं?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते.

भाट्याच्या पुलापलीकडे, पावसच्या रस्त्याला आमचं पंक्चरचं दुकान. नवऱ्याचं. नव्व्याण्णवला त्याची कंबर गेली, तेव्हापासून चाकं मी काढायचे, तो बसून ठिगळं लावायचा. संदेश माझ्या भावाचा मुलगा. मुंबईची नोकरी सोडून आला आणि २००१ च्या मार्चात त्याने जुनी जीप घेतली. रात्री पावसला जायचं, आंब्याच्या पेट्या भरायच्या, उजाडायच्या आत रत्नागिरीत आणून टाकायच्या. घरात त्याची बायको ज्ञानेश्वरी, तिला सहावा महिना. त्या जीपवर ते घर चालायचं होतं. टायर गुळगुळीत होते, म्हणून माझ्या नवऱ्याने दुकानातलं एक चाक त्याला दिलं, ते पुढे डावीकडे लावलं. भाच्याला भेट म्हणून.

दहा-बारा दिवसांत संदेशचं गाऱ्हाणं सुरू झालं. गोळपचा सडा, ते कातळाचं पठार, संपून उतार लागला की ब्रेकचा लाल दिवा पेटतो आणि स्टिअरिंग डावीकडे ओढतं. उतार संपला की दिवा विझतो. ओढ राहते.

भिकाजी मेकॅनिकने ब्रेक ऑइल ओतलं. हँडब्रेकची वायर बदलली. तरी दिवा पेटतोच, तेव्हा कंटाळून त्याने दिव्याचा बल्बच काढून दिला.

"दिसलाच नाय तर घाबरशील कशाला?" म्हणाला.

मी त्याच्या गॅरेजवर गेले. म्हटलं, "मेल्या, दिवा वेगळा, ओढ वेगळी. दोन दुखणी एका पुडीत बांधू नको. त्या डाव्या चाकाची हवा जातेय."

"मालनवहिनी, तुमच्याकडे सगळ्या दुखण्याला हवाच. परवा ह्या पोऱ्या बाबूचं पोट फुगलं, तेपण तुम्हीच तपासलंत ना?"

"त्याच्या पोटात काहीतरी होतं. तुझ्या डोक्यात तेवढंपण नाय."

गॅरेजातली पोरं हसली. माझं म्हणणं त्या हसण्यात गेलं.

मी चाकाची हवा मोजली. संध्याकाळी तीस हवा, सकाळी अठरा. ट्यूब काढून पाण्याच्या टबात दाबली, बोटबोट फिरवली. एक बुडबुडा नाही. वॉल्ववर थुंकी लावून बघितली. थुंकी हलली नाही. रिमला चीर नाही, टायरात खिळा नाही. मग दुसरी परीक्षा केली, पुढची दोन चाकं आपसात बदलली. दोष गाडीत असेल तर ओढ डावीकडेच राहील, चाकात असेल तर चाकाबरोबर जाईल.

दुसऱ्या दिवशी संदेश आला. "आत्या, आता उजवीकडे ओढतंय."

"म्हणजे चाक. फेकून दे."

"स्टेपनीला तारा दिसतात गो. हंगामाचे दहा दिवस राहिलेत, जाऊ दे ना."

माझा नवरा ठिगळ घासत होता. मान वर न करता म्हणाला, "जुनी ट्यूब आहे. असं होतं कधी कधी."

तीस वर्षं त्याच्याकडून मी एकच शिकले होते, हवा उगाच जात नाही. आणि आज हा म्हणे असं होतं.

मंगळवार, १५ मे. रात्री सव्वाअकराला मी हवेचा पायपंप जीपमध्ये टाकला आणि संदेशच्या शेजारी बसले. तो हसला. "बॉडीगार्ड आली माझी." कसोप गेलं, फणसोप गेलं. ज्ञानेश्वरीला रात्री पन्हं लागतं, मुलगी झाली तर नाव काय ठेवायचं, असलं सगळं तो बोलत होता. सड्यावर चिटपाखरू नव्हतं. चंद्र उगवायचा होता.

उतार लागला.

लाल दिवा पेटला.

बल्ब नव्हता त्यात. भिकाजीने माझ्यासमोर काढून तळहातावर दाखवला होता. मी पुढे वाकून काचेवर हात ठेवला. बोटांच्या फटींतून लाल दिसत राहिलं.

"बघितलंस ना आत्या?"

"थांबव."

त्याने गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद. दिवा तसाच. मी उतरले, बॅटरी मारली. उजवं चाक अर्धं बसलं होतं. मी वॉल्वजवळ कान नेला.

हवा जात होती. पण हवा सलग जाते. सुंऽऽऽ, असा एकच सूर. ही थांबत होती. जायची... थांबायची... मग पुन्हा जायची. शेवटाला बारीक अडकायची.

मी तळवा धरला. ट्यूबमधली हवा गार लागते. ही ऊन होती. ओली होती.

"कोण आहे?" मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

हवा थांबली.

...

संदेश जॅक घेऊन खाली सरकत होता. मी म्हटलं, "नको." तो म्हणाला, "दोन मिनिटांचं काम." मी पुन्हा नको म्हणेपर्यंत त्याची छाती जीपखाली गेली होती.

एक लांब उसासा. सगळी हवा एकदम. जॅक कलंडला.

जीप खाली बसली.

संदेश ओरडला नाही. ओरडायला छाती फुगावी लागते.

मी पंप लावला. एका पायाने दाबत होते, दोन्ही हातांनी बंपर धरून. दाब... दाब... किती वेळ, देव जाणे. आतून कोणीतरी तीच हवा परत ओढतंय असं पायाला कळत होतं. मी शिव्या देत होते. कोणाला, ते मला ठाऊक नव्हतं. शेवटी रिम दोन बोटं वर आली. मी त्याला काखेत धरून ओढला.

पोरगा वाचला. पाच बरगड्या गेल्या, एक फुप्फुस गेलं. आज घराच्या तीन पायऱ्या चढला की खाली बसतो. श्वास जातो... थांबतो... मग पुन्हा. गाडी त्याने विकली.

सगळ्या गावाने भिकाजीला धरलं. बल्ब काढला म्हणून. मीपण त्याच्या दारात उभी राहून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चौथ्या दिवशी ते चाक मी दुकानात आणलं आणि ट्यूब पात्याने उभी कापून दोन तुकडे केले. एका तुकड्यावर जुनं ठिगळ होतं; टबात बुडबुडेच शोधले होते, ते नीट बघितलंच नव्हतं. चारी कोपरे तिरपे छाटलेलं. असं ठिगळ अख्ख्या तालुक्यात एकच हात कापायचा, आणि त्या हाताला प्रत्येक ट्यूब कुठून आली ते आठवायचं.

तुकडा नवऱ्यासमोर धरला.

"ही कुठली?"

त्याने ठिगळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "अठ्ठ्याण्णवची. जुलैतली. गोळपच्या उतारावर जीप चरात जाऊन तिरपी झाली होती ती."

ती मला आठवत होती. ड्रायव्हर सकाळी सापडला, जीपखाली. जागच्या जागी गेला, असं लोक बोलले होते.

"तू कधी गेलास तिथे?"

"रात्री. सायकलवरून येत होतो. पाऊस होता. आत कोणी नव्हतं. लाल दिवा तेवढा पेटता. मला वाटलं, ड्रायव्हर पळाला. चाक नवं होतं... गाडीतलाच जॅक लावला, चाक काढलं, जॅक सोडला."

"खाली बघितलंस?"

त्याने ठिगळाची कात्री खाली ठेवली.

"आवाज आला होता?"

"आला." त्याने डोळे पुसले नाहीत, पण ते वाहत होते. "मला वाटलं, टायरची हवा जातेय."

मी ट्यूबचे तुकडे पिशवीत घातले आणि पोलीस चौकीत गेले. भर दुपारी. हवालदाराच्या टेबलाला काच होती, तिच्यावर तुकडे ठेवले आणि सगळं सांगितलं. त्याने अर्ध्यातच वही मिटली.

"बाई, संदेशच्या प्रकरणात भिकाजीचं नाव लागलंय. घरी जा."

मी गेले नाही. बसून राहिले. तो दुसऱ्या कामाला लागला. मग त्याची नजर टेबलावर गेली आणि तिथेच राहिली.

तुकड्याखालच्या काचेवर वाफ धरली होती. तळहाताएवढी. ती विरली... पुन्हा धरली... विरली. वर पंखा फिरत होता.

हवालदाराने खुर्ची मागे सरकवली. मग वही उघडून भिकाजीच्या नावावर रेघ मारली.

"नाव सांगा," तो म्हणाला.

तीस वर्षांत जे नाव मी तोंडाने घेतलं नव्हतं, ते आडनावासकट सांगितलं. रावजी धोंडू तोडणकर.